तांबं म्हणून अ‍ॅल्युमिनियम गळ्यात मारलं

घरच्या घरी कॉम्प्युटरला वॉटर कूलिंग करायचं आणि रेडिएटर म्हणून गाडीचा जुना हीटर कोअर (गाडीच्या आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) वापरायचा, असं कुणाच्या मनात असेल तर खरेदीला जाण्याआधी एवढं वाचा.

एप्रिलच्या उन्हाळ्यात व्हिडिओ रेंडर करताना माझा प्रोसेसर 95 अंशांवर जायचा. तयार किट परवडेना, म्हणून तांब्याचा वॉटर ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा ठोकळा), 12 व्होल्टचा पंप, सिलिकॉनची नळी असं एकेक जमवलं. राहिला रेडिएटर. पुण्याच्या नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टवाल्याने लालसर चकचकीत कोअर पुढ्यात ठेवला. "प्युअर तांबं आहे साहेब, हल्ली मिळत नाही." 1,800 रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी वाढेल, कशाला उगाच?" मी रोख दिले. हातात घेतल्यावर तो हलका लागला होता. तेव्हाच थांबायला हवं होतं.

दोन महिने ठीक गेले. मग पाणी राखाडी, गढूळ दिसायला लागलं, पंप घरघरू लागला. एका रात्री कोअरच्या कोपऱ्यातून पाणी झिरपून थेट ग्राफिक्स कार्डवर उतरलं. कार्ड गेलं. धाकट्या भावाने पहिल्या पगारातून घेऊन दिलेलं होतं ते.

कोअर घेऊन तांबट आळीत गेलो. तिथल्या एका काकांनी तो नुसता तळहातावर तोलला आणि मान हलवली. मग खालच्या कडेला कानस दोनदा फिरवली. लाल रंगाखाली पांढराफटक धातू! आकार तोच असेल तर तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड भरतं. लोहचुंबकाने मात्र काही कळत नाही, दोन्हींना तो चिकटत नाही. आणि एकाच पाण्यात तांबं व अ‍ॅल्युमिनियम आलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. डिस्टिल्ड वॉटरने ते लांबतं, टळत नाही.

परत नाना पेठेत गेलो, तर दुकानदार म्हणाला, "हा माझ्याकडचाच कशावरून?" बिल नाही, ऑनलाइन पैसे भरल्याची नोंद नाही. काय दाखवणार?

दुसरा कोअर आणायला खिशात कानस घेऊनच गेलो. या दुकानदाराने स्वतःच कड घासून लाल धातू दाखवला, पक्कं बिल दिलं. सध्या पंप वेगळ्या सप्लायवर, कॉम्प्युटरपासून लांब चालू आहे. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवलाय. चोवीस तास कोरडा राहिला तरच पुढे जोडणार.