लातूरच्या गच्चीवर ग्रो बॅग : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

ग्रो बॅग, म्हणजे कुंडीऐवजी झाड लावायची पिशवी, घ्यावी का, असं कुणी विचारलं तर मी आधी सांगते : घ्या, पण जाड घ्या. आणि एका पिशवीत किती भाजी निघते हे बघण्याआधी ती किती पाणी पिते ते बघा. गच्चीवरच्या भाजीपाल्याची बहुतेक माहिती पुण्या-मुंबईच्या हवेवर बेतलेली असते. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या वरचं ऊन आणि अंग भाजणारा कोरडा वारा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हे गाव. इथे प्यायच्या पाण्यातलं तांब्याभर झाडाला घालतानाही हात अडखळतो. म्हणून मी प्रत्येक भांड्याची परीक्षा पाण्यावरच केली.

माझ्या गच्चीवर 15 बाय 15 आणि 12 बाय 12 इंचांच्या एचडीपीई, म्हणजे विणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आहेत, काही कापडासारख्या दिसणाऱ्या जिओ फॅब्रिकच्या आहेत आणि जुन्या मातीच्या कुंड्या आहेत. एचडीपीईत जाडीप्रमाणे फार फरक पडतो. ज्यांच्यावर 220 जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) पुढचा आकडा होता त्यांचा रंग विटला, पण पिशवी शाबूत आहे. ऑनलाइन स्वस्तात आलेल्या पातळ पिशव्यांवर ‘यूव्ही’, म्हणजे उन्हाच्या किरणांना टिकणारी, असं ठळक छापलेलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांचे उचलायचे बंद तुटून हातात आले आणि शिवणीचा दोरा बोटाने चोळला की भुगा व्हायला लागला. आधी शिवण जाते, मग बंद, कापड सगळ्यात शेवटी. तेव्हा घेताना पिशवी उलटी करून तळाची शिवण दुहेरी आहे का ते जरूर बघा. रंग पांढरा घ्या. काळी पिशवी मे महिन्यात दुपारी हात लावून बघा, आतल्या मुळांचं काय होत असेल ते लगेच कळतं.

जिओ फॅब्रिकचं कौतुक खूप ऐकलं होतं. मुळांना हवा मिळते, हे खरंच आहे. पण चारी बाजूंनी हवा मिळते म्हणजे चारी बाजूंनी पाणीही उडतं. उन्हाळ्यात सकाळी भिजवलेली पिशवी संध्याकाळी खडखडीत. पावसाळ्यात आणि थंडीत मात्र तिच्यासारखं भांडं नाही. मातीच्या कुंडीचंही तसंच : मुळं गार राहतात, पण पाणी जास्त लागतं. उन्हाळ्यासाठी माझी पसंती जाड, पांढऱ्या एचडीपीईलाच.

आता माती. आपल्याकडे काळी माती फुकट मिळते आणि तिचा कस चांगला, म्हणून लोक पिशवीत नुसती तीच भरतात. रानात ती सोनं आहे, पण पिशवीत तिची गत वेगळी होते. वाळली की आकसते, पिशवीची कड सोडते, आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मधला गोळा कोरडाच राहतो. उलट पावसात ती चिकट होऊन मुळं गुदमरतात. मी एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिश्रण ठेवलं आहे. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरून ठेवतं, पण धुतल्याशिवाय वापरू नका, त्यात क्षार असतात. तळाला खडीचा थरही नको. पाणी खडीच्या वर मातीतच अडून बसतं आणि वजन मात्र वाढतं.

वजनावरून आठवलं, ही गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. 15 इंची पिशवी भरून भिजवली की सहज 40 किलोच्या पुढे जाते. वावर असलेल्या गच्चीचा हिशोब साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोचा धरलेला असतो. म्हणून पिशव्या मधोमध न मांडता भिंतीच्या आणि बीमच्या रेषेत, विटांवर ठेवा. विटांमुळे स्लॅबवर ओलही धरत नाही. इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

सगळ्यात जास्त कामाला आलं ते कुंभाराकडचं साधं गाडगं. आमच्या सासूबाई औशाकडच्या, शेतात वाढलेल्या. रोज पाइप घेऊन वर निघाले की त्या म्हणायच्या, “आगं, वाफसा येऊ दे की जरा.” वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं. गाडग्याने तेच साधतं. पिशवीच्या मध्यभागी गळ्यापर्यंत गाडगं पुरायचं, पाणी भरायचं, वर पणती झाकायची. माती कोरडी होईल तसं पाणी भाजलेल्या मातीतून झिरपत जातं. सकाळी पणती उचलून बघितलं की किती खाली गेलंय ते दिसतं, तेवढंच भरायचं. ऐन मेमध्येही झाडं दुपारी मान टाकत नव्हती. गाडगं बिनरंगाचं, बिनचकाकीचं हवं. बोअरच्या क्षाराने त्याची छिद्रं बुजतात, मग ते लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून घासावं लागतं. वर उसाच्या पाचटाचा चार बोटं थर आणि डोक्यावर 50 टक्के सावलीची हिरवी जाळी, एवढ्यावर उन्हाळा निघतो.

पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं. तूरडाळ-तांदूळ धुतलेलं आणि एसीचं पाणी झाडांना चालतं. आरओमधून बाहेर पडणारं पाणी नुसतं घालू नका, त्यात क्षार दाटलेले असतात. मातीवर पांढरी खपली दिसू लागली तर पावसाच्या पहिल्या मोठ्या सरींत पिशव्या उघड्यावर ठेवून चांगल्या धुऊन निघू द्या.

पिकांत भेंडीने मन जिंकलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ लावली होती. पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला दाद न देण्यासाठीच हा वाण ओळखला जातो, आणि माझ्याकडे तरी एकही पान पिवळं पडलं नाही. गवारही उन्हाला भीत नाही. टोमॅटो एप्रिलनंतर लावू नका. पस्तिशीच्या वर फुलं गळतात, झाड हिरवंगार दिसतं आणि फळ धरत नाही. तो थंडीचाच. मेथी, चुका, तांदुळजा यांना खोल पिशवी लागत नाही, उथळ ट्रे पुरतो. आंबाडी मात्र प्रत्येकाने लावावी. शेंडा खुडला की बाजूने फुटते, आणि ताज्या खुडलेल्या आंबाडीत ज्वारीच्या कण्या घालून वर लसणाची फोडणी दिली की भाकरी कमी पडते.

किडींत पिठ्या ढेकूण आणि मावा आले. पाण्याचा जोरात फवारा, मग लिटरला पाच मिली निमतेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळीच. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

महिन्याचा भाजीचा खर्च वाचेल या हिशोबाने कुणी उतरत असेल तर पहिल्या वर्षी पिशव्या, खत आणि जाळी यांचे पैसे निघत नाहीत. कोथिंबीर, पालेभाज्या, मिरची, भेंडी एवढं घरचं होतं. कांदा-बटाटा गंजगोलाईच्या बाजारातूनच आणायचा. ज्यांच्या घरी नळ बऱ्याच दिवसांनी येतो आणि बोअरही नाही, त्यांनी जूनमध्ये चार जाड पिशव्यांनी सुरुवात करावी, प्रत्येकीत गाडगं पुरावं आणि फेब्रुवारीत पाण्याचा अंदाज घेऊन उन्हाळ्यात किती ठेवायच्या ते ठरवावं. मी या वर्षी पातळ पिशव्या सगळ्या काढल्या आणि त्यांच्या जागी 18 इंची दोन घेतल्या, एकीत शेवगा आणि एकीत कागदी लिंबू.