जुने आरपीजी विकत घेताना: खेळ तोच, आवृत्ती कोणती?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम, म्हणजे ज्यांना आपण सरसकट आरपीजी म्हणतो ते, आज पैसे मोजून घ्यावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय, घ्यावेत’ असे आहे. मात्र हा होकार खेळाच्या नावाला नाही, तर त्या नावाखाली आज जी आवृत्ती विकली जाते तिला आहे. खेळाची कथा आणि नियम तेव्हाच पूर्ण झालेले असतात. आपण आज पैसे देतो ते तो खेळ सध्याच्या संगणकावर सुरळीत चालावा, वाचता यावा आणि मध्येच बंद पडू नये यासाठी कोणीतरी घेतलेल्या कष्टांचे. हे कष्ट काही खेळांच्या वाट्याला भरपूर आले, काहींच्या वाट्याला मुळीच आले नाहीत, आणि दुकानाच्या पानावरची आकर्षक चित्रे पाहून हा फरक कळत नाही.

सुरुवात ‘बाल्डर्स गेट’पासून करतो, कारण २०२३ साली आलेल्या तिसऱ्या भागानंतर पहिल्या भागाबद्दल कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे आणि तो सुरू केल्यावर तासाभरात हिरमोड होणेही तितकेच स्वाभाविक आहे. बायोवेअरने १९९८ साली पाच सीडींवर आणलेला हा खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो. त्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे जीव म्हणून जेमतेम चार गुण असतात, चिलखताचा आकडा जितका कमी तितके संरक्षण जास्त असते आणि ‘थॅको’ नावाचा, म्हणजे वार लागण्यासाठी फाशावर किती पडायला हवे हे ठरवणारा आकडाही कमी झाला की आपण सुधारलो असे समजायचे असते. खेळ यातले फारसे काही समजावून सांगत नाही. ते काम तेव्हा सोबतच्या जाडजूड पुस्तिकेकडे होते आणि आज ती पुस्तिका पीडीएफ स्वरूपात असल्यामुळे बहुतेक जण ती उघडतही नाहीत. पहिल्या संध्याकाळी येणारा वैताग बऱ्याच अंशी या न उघडलेल्या पुस्तिकेतून येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या खेळातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. घर सोडून जीव मुठीत धरून निघालेला आपला नायक ‘फ्रेंडली आर्म इन’ या सरायीपाशी पोहोचतो. आता थोडा विसावा मिळेल असे वाटत असतानाच पायऱ्यांवर उभा असलेला एक माणूस अदबीने नाव विचारतो आणि लगेच मंत्र म्हणू लागतो. त्याच्याभोवती त्याच्याच हुबेहूब प्रतिमा उभ्या राहतात, आपल्या सोबत्यांची भीतीने गाळण उडते, ते सैरावैरा पळू लागतात आणि बघता बघता खेळ संपतो. हा अन्याय वाटतो खरा. पण सेव्ह केलेल्या जागेवरून परत आल्यावर लक्षात येते की मंत्र पुरा होण्याआधी म्हणणाऱ्याला एक बाण जरी लागला तरी तो मंत्र वाया जातो, म्हणून धनुष्यवाले पुढे ठेवून, खेळ थांबवून, प्रत्येकाला नीट हुकूम द्यायला हवेत. पुढच्या साठ-सत्तर तासांच्या खेळाचे सूत्र त्या पायऱ्यांवर शिकायला मिळते. कोणतीही सूचना, दिशा दाखवणारी खूण किंवा चमकणारे चिन्ह न दाखवता खेळाडूच्या बुद्धीवर इतका विश्वास टाकणारी रचना आजच्या मोठ्या खेळांत क्वचितच आढळते, आणि माझ्या मते पैसे देण्यासारखी गोष्ट हीच आहे.

बीमडॉग या कंपनीने २०१२ साली काढलेली याची सुधारित आवृत्ती मी निःशंकपणे सुचवतो. मूळ खेळ ६४० गुणिले ४८० अशा चिमुकल्या चौकटीसाठी बनवलेला होता. नव्या आवृत्तीत रुंद पडदा, चित्र जवळ-दूर करण्याची सोय आणि जमिनीवर पडलेल्या वस्तू एकत्र उचलण्याची पट्टी मिळते, शिवाय ज्यांना केवळ कथा हवी आहे त्यांच्यासाठी सोबती मरणारच नाहीत अशी सोपी पातळीही आहे. कंपनीने नव्याने घातलेल्या पात्रांची भाषा जुन्या लेखनाशी नीट मिसळत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यांना सोबत घ्यायचे नाही असे ठरवले की प्रश्न मिटतो. दुसरा भाग २००० सालचा आहे आणि तो पहिल्यापेक्षा सर्वच बाबतींत सरस आहे, तरीही पहिला टाळून थेट दुसऱ्यावर जाऊ नये, कारण तोच नायक, तेच सोबती आणि तीच वैरे पुढे चालू राहतात.

अशी डागडुजी आपोआप होत नाही, याचे उत्तम उदाहरण ‘आइसविंड डेल’ मालिकेत आहे. तिच्या पहिल्या भागाची सुधारित आवृत्ती २०१४ साली आली, पण दुसऱ्या भागाचा मूळ सोर्स कोडच, म्हणजे प्रोग्रॅमरांनी लिहिलेला मूळ मजकूरच, हाती न लागल्यामुळे त्याची तशी आवृत्ती निघू शकली नाही. दुसरा भाग आजही विकत मिळतो, परंतु तो जुन्या अवस्थेतच मिळतो आणि चाहत्यांनी बनवलेले मोड, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या जोड-फाइली, बसवल्याशिवाय तो आजच्या पडद्यावर सुखाने खेळता येत नाही. हे काम करण्याची तयारी नसेल तर त्यावर पैसे घालवू नयेत.

‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’विषयी मात्र मला हातचे राखून लिहिता येत नाही. १९९९ साली ब्लॅक आइल स्टुडिओजने काढलेल्या या खेळात नायक शवागारातल्या दगडी ओट्यावर जागा होतो. त्याला स्वतःचे नाव आठवत नाही, आणि शेजारी तरंगणारी एक बोलकी कवटी त्याच्या पाठीवर गोंदलेला मजकूर त्याला वाचून दाखवते. हा नायक मेला तरी पुन्हा उठतो, त्यामुळे जिथे इतर खेळ संपतात तिथे हा पुढे सरकतो. काही ठिकाणी तर मरण हाच पुढे जाण्याचा मार्ग ठरतो. यात लढाया आहेत, पण त्या सुमार आहेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. खेळाचा जीव संवादांत आहे. पात्र घडवताना बळावर गुण उधळण्याऐवजी शहाणपण, बुद्धी आणि व्यक्तिमत्त्व यांवर ते खर्च केले तर एरवी दिसणारही नाहीत अशी वाक्ये निवडायला मिळतात, विसरलेल्या आठवणी परत येतात आणि तलवार न उपसता मोठमोठे तिढे सुटतात. लेखनाच्या जोरावर उभा राहिलेला इतका गंभीर खेळ दुसरा दाखवणे कठीण आहे. २०१७ सालच्या सुधारित आवृत्तीने त्याला हात लावला तो फक्त दृश्य आणि सोयींपुरता, मजकूर जवळपास होता तसा ठेवला, आणि ते योग्यच झाले. एवढे इंग्रजी वाचन ज्यांना जड जाते त्यांना मात्र हा खेळ आवडणार नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

२००२ सालच्या ‘मॉरोविंड’ची गोष्ट निराळी आहे. त्यात कोणी एखादे काम सांगितले की नकाशावर खूण उमटत नाही, तर दैनंदिनीत वाक्ये नोंदली जातात: अमुक गावाबाहेर पडून पूल ओलांडा, नदीच्या काठाने जा, दोन टेकड्यांमधून वळा. मग वाचायचे, आजूबाजूला पाहायचे, चुकायचे आणि परत फिरायचे. या चुकण्यातच ते विचित्र, राखेने भरलेले बेट ओळखीचे होत जाते. नव्या खेळाडूला सर्वाधिक चीड येते ती तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार गेल्यासारखी दिसूनही वार न लागण्याची. तिथे पडद्याआड फासे पडत असतात आणि दमछाक दाखवणारी पट्टी रिकामी असली की नेम हमखास चुकतो. म्हणून भांडणाआधी धावत येऊ नये, चालत यावे. ही एक गोष्ट कळली तरी अर्धा राग निवळतो. चाहत्यांनी तयार केलेले ‘ओपनएमडब्ल्यू’ हे मोफत इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्रॅम, आजच्या यंत्रांवर हा खेळ अतिशय स्थिरपणे चालवते, परंतु त्यासाठी मूळ खेळाच्या फाइली लागतातच, त्यामुळे येथे खरेदी ही त्या साऱ्या सामूहिक कामात प्रवेश मिळवण्याची पहिली अट ठरते. मी ती आनंदाने पाळली.

जपानी खेळांकडे वळताना आवृत्तीचा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९९५ सालचा ‘क्रोनो ट्रिगर’ आजही कोणत्याही नवख्या माणसाच्या हाती द्यावा असा आहे. शत्रू समोर दिसतात, लढाया आटोपशीर आहेत आणि कथा कुठेही रेंगाळत नाही. सुरुवातीच्या जत्रेत आपण सहज म्हणून कोणाचे जेवण खाल्ले, किंवा धडक बसून पडलेल्या मुलीची विचारपूस करण्याआधी तिचे लॉकेट उचलले, तर पुढे राजवाड्यातल्या खटल्यात त्याच गोष्टी साक्षीदारांच्या तोंडून पुराव्यादाखल समोर येतात. एवढ्या छोट्या कृतींची नोंद ठेवून ती नेमक्या वेळी पुढे करण्याची ही हुशारी इतक्या वर्षांनंतरही चकित करते. २०१८ साली संगणकावर आलेल्या या खेळाच्या आवृत्तीवर धूसर चित्रे आणि मोबाइलछाप बटणे यांमुळे भरपूर टीका झाली होती. पुढच्या काही महिन्यांत पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या फाइली, देऊन ती बरीचशी दुरुस्त करण्यात आली, त्यामुळे तेव्हाची प्रतिकूल परीक्षणे वाचून आज निर्णय घेऊ नये.

‘फायनल फँटसी ६’ १९९४ सालचा आहे आणि त्याची ‘पिक्सेल रिमास्टर’ आवृत्ती संगणकावर २०२२ साली, तर पुढच्या वर्षी कन्सोलवर आली. ऑपेराच्या प्रसिद्ध प्रसंगात मूळ यंत्राला मानवी आवाज काढता येत नसल्यामुळे गाण्याच्या जागी सुरेल गुणगुण ऐकू येत असे; नव्या आवृत्तीत तिथे खरोखरचे गायन आहे. कन्सोलवर मूळ संगीत निवडता येते आणि अवचित येणाऱ्या लढाया बंदही करता येतात. ही सोय लबाडी आहे असे मला वाटत नाही. नोकरी-घर सांभाळून रात्री थोडा वेळ खेळणाऱ्या माणसाला कथेच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे जग उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या त्या विलक्षण भागापर्यंत, पोहोचवणारी कोणतीही सोय स्वागतार्हच आहे. या आवृत्तीची किंमत इतर जुन्या खेळांच्या मानाने चढी असते, तरी ती मला वाजवी वाटते. नव्याने बांधलेला खेळ मात्र मूळ खेळाची जागा घेतो असे समजू नये: १९९७ सालच्या ‘फायनल फँटसी ७’चा २०२० सालचा रिमेक मूळ कथेतल्या केवळ पहिल्या शहरापुरता आहे आणि त्याची लढाईची पद्धतही वेगळी आहे.

हे खेळ कुठेतरी फुकट मिळतातच, मग पैसे का द्यावेत, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. काही खेळ खरोखरच मालकांनी अधिकृतपणे मोफत केलेले आहेत. १९८५ सालचा ‘अल्टिमा ४’, तसेच ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतले ‘अरीना’ आणि ‘डॅगरफॉल’ हे पहिले दोन भाग पैसे न देता घेता येतात, आणि ते जरूर घ्यावेत. बाकीच्यांबाबत परिस्थिती गंभीर आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांवरची ऑनलाइन विक्री थांबवली आणि केवळ तिथेच मिळणारे खेळ विकत घेण्याचा मार्ग बंद झाला. उरलेल्या तेरा टक्क्यांत जे खेळ आहेत त्यांची डागडुजी कोणीतरी करत राहावी असे वाटत असेल, तर त्या कामाला गिऱ्हाईक असले पाहिजे. शक्य तिथे मी २००८ पासून चालत आलेल्या जीओजीसारख्या ऑनलाइन दुकानातून, कुलूप नसलेली, म्हणजे दुकानाच्या परवानगीशिवाय चालणारी, प्रत घेतो आणि तिची स्थापनेची फाइल स्वतःच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवतो, कारण दुकान उद्या बंद झाले तरी खेळ माझ्याजवळ राहतो.

शेवटी, सर्वांत जुन्याविषयी. १९८१ सालचा ‘विझर्ड्री’ डिजिटल एक्लिप्स या कंपनीने २०२४ साली नव्या रूपात पूर्ण केला. त्यांनी मूळ ॲपल टू संगणकावरचा कोड आत तसाच चालू ठेवून त्यावर त्रिमितीय चित्रे चढवली आहेत आणि पडद्याच्या कोपऱ्यात तो मूळ, रेघारेघांचा खेळ एकाच वेळी चालताना पाहता येतो. अभ्यासू माणसासाठी याहून सुंदर आवृत्ती मला ठाऊक नाही. परंतु चित्रे कितीही देखणी असली तरी आतला खेळ निर्दय आहे: मेलेल्या सोबत्याला जिवंत करण्याचा विधी फसला तर त्याची राख होते, आणि पुढचा विधीही फसला तर तो कायमचा जातो. वहीत चौकटी आखून भुयाराचे नकाशे काढण्यात ज्यांना रस आहे त्यांनी तो पूर्ण किमतीला घ्यावा. इतरांनी सवलतीची वाट पाहावी आणि तोवर ‘बाल्डर्स गेट’ची पुस्तिका उघडावी.