तांड्यावरची गोरमाटी: आधी रेकॉर्डिंग की आधी आज्यांची शाळा?

गोरमाटी, म्हणजे आपली बंजारा बोली, टिकवायला मंडळाने वर्गणी काढली, पोरं तयार आहेत. प्रश्न एवढाच, की म्हाताऱ्यांची गाणी-गोष्टी रेकॉर्ड करून कोश करायचा, की लहान पोरं रोज दोन तास आज्यांच्या हवाली करायची? आमच्या मुखेडकडच्या तांड्यावर दोन्ही करून झालंय.

रेकॉर्डिंग आजच्या आज सुरू होतं. होळीला लेंगीची गाणी, श्रावणात तीज, वर्षभर काही ना काही समोर येतच राहतं. आणि जपलेलं कधी कामाला येईल सांगता येत नाही. अमेरिकेतली वाम्पानोआग भाषा शंभराहून जास्त वर्षं कुणाच्या तोंडी नव्हती. 1663 साली छापलेलं बायबल आणि जुने दस्तऐवज शिल्लक होते, म्हणून त्याच जमातीच्या जेसी लिटल डो बेअर्ड यांना ती पुन्हा उभी करता आली.

पण एका गोष्टीने मला पार वैताग आणला. फोन समोर धरला की आजी मराठीत शिरते. आत्ता सुनेला गोरमाटीत फडाफडा बोलणारी बाई 'हां आजी, सांग' म्हटलं की पदर सावरते, आवाज बदलते आणि मराठी सुरू. तिला तरी काय बोलणार? बँकेत, राशन दुकानात, दवाखान्यात ज्याने ज्याने तिला प्रश्न विचारला, त्याला उत्तर मराठीतच लागायचं. आपण गोरमाटीत विचारलं तर दोन वाक्यं गोरमाटीत येतात, तिसऱ्याला गाडी परत मराठीवर. ढावलो, म्हणजे लग्नातलं नवरीचं रडगाणं, म्हणायला सांगा, तर विचारतात, नवरी कुठाय? लग्नाशिवाय ते रडणं यावं तरी कसं! वर सगळं ऐकून लिहायला बसलं की तासाभराच्या आवाजामागे दिवस जातात, आणि त्यात निम्मी मराठी.

पोरं आज्यांकडे सोपवायची पद्धत माओरींची. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाटा इथे 1982 साली पहिलं 'कोहांगा रेओ' सुरू झालं: शाळेआधीच्या वयाची पोरं, म्हातारी माणसं, आणि बोलणं फक्त माओरीत. हवाईतही तशा बालवाड्या निघाल्या. अर्थात न्यूझीलंडमध्ये 1987 साली माओरी कायद्याने राजभाषा झाली. आपली बोली 2011च्या जनगणनेत 'लमाणी/लंबाडी' या नावाने हिंदीच्या पोटात मोजली गेली, तीही 32 लाखांवर माणसं असताना. तेव्हा बरोबरी जपून करावी.

आमच्याकडे मात्र हे ऊसतोडीच्या हंगामात जमलं. कोयता निघाला, म्हणजे जोड्या तोडीला गेल्या, की तांड्यावर म्हातारी माणसं आणि मागे राहिलेली पोरं. चार वर्षांच्या पोराशी बोलताना आजीला साहेबापुढची मराठी सुचत नाही. ती ओरडते, लाड करते, शेंगा फोडत गोष्ट सांगते, सगळं गोरमाटीत. पोरं आधी मराठीत उत्तरं देतात. देऊ द्या. पुढे त्यांची आपसातली भांडणं गोरमाटीत व्हायला लागली, तेव्हा माझं मन वळलं. कटकटी इथेही आहेत. आज्या एकमेकींवर रुसतात, कुणी पाहुणी गेली की दोन दिवस खाडा. मराठी कच्ची राहील ही पालकांची तक्रार मला तरी खरी दिसली नाही. तरी अंगणवाडीच्या ताईंना आधीच विश्वासात घ्या.

किनवटकडच्या एखाद्या कोलामपोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, कोलामी बोलणारी दोन-चारच म्हातारी माणसं उरली असतील, तर मात्र माझा सल्ला उलटा: आधी रेकॉर्डिंगच. अलास्कातल्या एयाक भाषेचं शब्दसंग्रहाचं काम झालेलं होतं, म्हणून 2008 साली मेरी स्मिथ जोन्स ही शेवटची मूळ भाषक गेल्यावरही शिकणाऱ्याला हाताशी काहीतरी आहे. गोरमाटीची अवस्था अजून तशी नाही. त्यामुळे वर्गणी मी आज्यांच्या मानधनाला लावीन. फोन काय, खिशात असतोच. आज्या पोरांत रमल्या की त्यांना विचारून तो कोपऱ्यात चालू ठेवा, मराठी आपोआप कमी होते. फक्त आज्यांशी बोलणं मुकादमाची उचल (तोडीचे आगाऊ पैसे) वाटली जायच्या आधी उरकून घ्या. नंतर घरोघर बांधाबांध सुरू होते आणि कुणी जागेवर सापडत नाही.