किमची, मिसो, टेंपे: नऊ महिने वापरून, त्यातले अडीच महिने आईसोबत

गेल्या ऑक्टोबरपासून आमच्या नेरूळच्या घरातल्या फ्रिजचा मधला कप्पा कोरियन, जपानी आणि इंडोनेशियन डब्यांनी भरलेला आहे. भरपूर वापरून बघायचं आणि मग सविस्तर लिहायचं म्हणून मी वहीत टिपणं ठेवत होते. पहिल्या तीन महिन्यांची पानं आता वाचली तर सगळीकडे ‘छान’, ‘बरं’, ‘परत आणायचं’ एवढंच. जानेवारीच्या शेवटी आई चिपळूणहून आली, आंब्याच्या दिवसांत घरी हवं म्हणून एप्रिलमध्ये परत गेली, आणि वहीत खरं काही उतरलं ते त्या मधल्या दिवसांत. ती एकेक डबा उघडायची, वास घ्यायची आणि असं काही विचारायची की मला उत्तर शोधत बसावं लागायचं.

आधी तब्येतीचं सांगते, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. आईच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि तिला वॉर्फरिन हे रक्त गोठू न देणारं औषध चालू आहे. ती यायच्या आधी मी तिच्या डॉक्टरांना या पदार्थांची यादी दाखवली. नात्तो यादीतून लगेच गेला. नात्तो म्हणजे उकडून, जिवाणू लावून आंबवलेलं सोयाबीन; चमच्याने उचललं की तारा सुटतात. त्यात के-2 जीवनसत्त्व खूप असतं आणि ते वॉर्फरिनच्या विरुद्ध काम करतं. घरात कुणी हे औषध घेत असेल तर त्यांना नात्तो चाखायलाही देऊ नका. किमचीलाही, म्हणजे मीठ-मिरची लावून आंबवलेल्या कोबीलाही, डॉक्टरांनी एक अट घातली: रोज साधारण तेवढीच, चमचाभर. आज वाटीभर आणि उद्या काहीच नाही असं नको. शिवाय किमचीत आणि मिसोत, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्यात, मीठ भरपूर असतं, त्यामुळे बीपीच्या माणसाने त्या दिवशी लोणचं-पापड बाजूला ठेवायचे. आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर कोंबू हे समुद्री शेवाळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यात आयोडीन फार.

आता किमची. पहिली बरणी विकतची होती, आयात मालाच्या एका दुकानातून आणलेली. आई आली त्याच आठवड्यातला गुरुवार. आई मासे खाते, पण सोमवार-गुरुवार पाळते, माझ्या आठवणीत एकदाही चुकलेला नाही. दुकानात मी विचारलं होतं, ‘व्हेज आहे ना?’ उत्तर आलं, ‘कोबीच आहे, मॅडम.’ बरणीवर सगळं कोरियनमध्ये, मागचा आयातदाराचा स्टिकर अर्धा फाटलेला. आईने भातासोबत दोन घास खाल्ले, थांबली आणि म्हणाली, ‘ह्याला सुकटीचा वास येतोय गो.’ मी म्हटलं, लसणाचा असेल. ती काही बोलली नाही, ताटातली उरलेली किमची तिने कडेला सारली. रात्री मी लेबलचा फोटो काढून भाषांतर करून बघितलं. खारवलेली कोळंबी आणि अँचोव्ही या बारीक माशाचा सॉस. पारंपरिक किमचीत हे सर्रास असतं, आणि मी ते बघायला हवं होतं. सकाळी आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘मी सांगितलं तेव्हा ऐकायचंस.’ ते वाक्य मला अजून टोचतं. तेव्हापासून हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण स्पष्ट दिसला नाही तर ती वस्तू आमच्या घरात येत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

गंमत अशी की घरी किमची घालू या हेही आईच म्हणाली. वाशीहून चायनीज कोबीचा किलोभराचा गड्डा आणला. उभे चार भाग करून पानापानांत जाडं मीठ चोळलं. मी घड्याळ लावून बसले होते, कारण कृतीत दोन तास लिहिले होते. आई मधूनमधून येऊन एक पान उचलायची, देठाकडचा पांढरा जाड भाग वाकवून बघायची. दीड तासाने म्हणाली, ‘झालं. आता मोडत नाही, वाकतंय.’ मी तरी दोन तास ठेवला, आणि तो घाणा खारट झाला. पुढचे सगळे घाणे मी पान वाकवूनच काढले. आपल्या हवेत घड्याळापेक्षा ती खूण भरवशाची आहे.

मसाला सोपा आहे. तांदळाच्या पिठाची पातळ पेज करून गार करायची, त्यात मिरची, लसूण, आलं, मुळ्याचे काप, पातीचा कांदा. माशाच्या सॉसच्या जागी आम्ही सोया सॉस घातला. कोरियन मिरची, म्हणजे गोचुगारू, भरड असते, रंगाने गडद आणि तिखटाला बेताची. ती संपली तेव्हा ब्याडगीच्या बिया काढून मिक्सरमध्ये भरड फिरवली आणि काम झालं. पाकीट मी पुन्हा घेतलेलं नाही.

बरणी भरताना मात्र आईने सूत्रं हातात घेतली. चिपळूणला ती फणसाचे गरे मिठात घालते. गरे पाण्यावर आले की काळे पडतात, बुरशी धरतात, म्हणून वर ताटली आणि ताटलीवर धुतलेला दगड असतो. इथे तिने कोबी मुठीने दाबत दाबत भरला, स्वतःचं पाणी वर येईपर्यंत, आणि वर स्टीलची वाटी पालथी घातली. कृतीच्या व्हिडिओत ‘हवा राहू देऊ नका’ असं म्हणतात ते हेच. आंबवणाऱ्या लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंना हवा नको असते, बुरशीला हवी असते. वर तीन बोटं जागा सोडा, गॅस धरतो आणि पाणी उतू येतं. झाकण दिवसातून एकदा सैल करून परत लावा. फेब्रुवारीत आमची बरणी दीड दिवस ओट्यावर राहिली, एप्रिलच्या उकाड्यात अठरा तासांतच आंबट झाली, मग फ्रिज. कोरियात थंडीच्या तोंडावर घरची, शेजारची माणसं एकत्र बसून मोसमाची किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. दक्षिण कोरियातली ही प्रथा युनेस्कोने 2013 साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. हे वाचून दाखवल्यावर आईने विचारलं, ‘म्हणजे आपली पावसाची बेगमी, तशी त्यांची थंडीची?’ मी इतके दिवस किमचीला सॅलड म्हणून वाढत होते. बेगमी म्हटल्यावर ती ताटात डाव्या बाजूला गेली, चमचाभर, आणि तिथेच शोभते.

टेंपेचं वेगळं झालं. टेंपे मूळचं जावाचं. उकडलेल्या सोयाबीनवर रायझोपस नावाची बुरशी वाढवतात, तिच्या पांढऱ्या तंतूंनी दाणे एकमेकांना धरून घट्ट वडी होते. मी फ्रीझरमधून काढून खाली ठेवून ऑफिसला गेले. संध्याकाळी वडी ओल्या कचऱ्यात. आई म्हणाली, ‘पूर्ण बुरशी आलेली होती, तुला दिसलं नसेल म्हणून टाकली.’ तिचं काहीच चुकलं नव्हतं, मी सांगून जायला हवं होतं. पण नंतर तिने जे विचारलं ते मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं: ‘मग चांगली बुरशी कुठली आणि वाईट कुठली, हे ओळखायचं कसं?’ वाचून, दोन-तीन पाकिटं जवळून बघून आम्हाला कळलं ते असं. पांढरी, कोरडी, कापसासारखी असेल तर चांगली. पिशवीच्या भोकांपाशी करडे-काळे डाग असतील तर तेही चालतात, ती त्याच बुरशीची बीजं. हिरवा किंवा गुलाबी रंग, चिकट पाणी, नाकात जाणारा अमोनियाचा वास, यातलं काहीही दिसलं की टाकायचं. दुसरी वडी आईने हातात घेऊन उजेडात फिरवून बघितली, नखाने कोपरा मोडला, हुंगला आणि म्हणाली, ‘अळंब्यांसारखा आहे.’ अगदी तसाच असतो ताज्या टेंपेचा वास.

तिखट सॉसमध्ये तळून केलेलं टेंपे तिला आवडलं नाही. मग तिने दहा मिनिटं वाफवून, फोडी तेलात लालसर परतून, काळ्या वाटाण्याच्या आमटीला करतो ते भाजक्या खोबऱ्याचं वाटण लावलं. गुरुवारच्या जेवणात हे आता आमच्याकडे कायम आहे. वाफवायची पायरी गाळू नका, नाहीतर मागे कडवट चव राहते.

सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते मिसोबद्दल. पांढऱ्या मिसोचा अर्ध्या किलोचा डबा मी डिसेंबरमध्ये घेतला. महाग वाटला, पण एका वाटीला एक चमचा पुरतो आणि फ्रिजमध्ये महिनोन् महिने टिकतो. सोयाबीन, मीठ आणि कोजी, म्हणजे ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी लावलेला तांदूळ, यांचा हा आंबवलेला लगदा. आईने बोटाच्या टोकावर घेऊन चाखला आणि बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मासळी नसून मासळीची चव आहे.’

याच्या सूपसाठी जपानी लोक आधी दाशी नावाचं पाणी काढतात: कोंबू आणि वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे. म्हणजे पाळण्याच्या दिवशी नुसतं ‘मिसो सूप’ वाचून खाऊ नये, त्यातही मासा असतो. त्या दिवसांना आम्ही सुक्या शिताके अळंब्यांचं पाणी घेतो. बाकीच्या दिवसांना आईने विचारलं, ‘सुका मासाच ना? मग आपली सुकट काय वाईट?’ रविवारी दिवाळे गावातल्या मासळीबाजारात गेलो. तिने तीन टोपल्यांतली सुकट हातावर घेऊन बघितली आणि चौथीतली घेतली. घरी डोकी मोडून, मंद आचेवर कोरडी भाजून, तांब्याभर पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळली. गॅस बंद केल्यावरच मिसो: डावात थोडं पाणी घेऊन त्यात चमचा फिरवत विरघळवायचा आणि मग पातेल्यात सोडायचा. मिसो उकळला की त्याचा वास निघून जातो, हे मी तीन महिने करत असलेली चूक होती. वर टोफूचे तुकडे आणि कांद्याची पात. दुसऱ्या वेळी आईने एक आमसूल टाकलं. ती चव जपानी राहिली नाही, पण तिने दोन वाट्या घेतल्या आणि भात तसाच ठेवला, जे तिच्या बाबतीत मी कधी बघितलेलं नाही.

का जुळलं हे शोधलं तेव्हा फार आनंद झाला. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 साली कोंबूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. आंबवलेल्या सोयाबीनमध्ये ते भरपूर असतं. सुक्या मासळीत दुसरे घटक असतात, आणि दोन्ही एकत्र आले की चव कैकपट वाढते. कोरियातही सूपाचं पाणी सुक्या अँचोव्हीचं करतात. आपली मांदेली त्याच कुळातली. आईला हे सांगत होते तेव्हा ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, ‘म्हणून तर वांग्यात सुकट घालतात.’

दोन गोष्टी लवकर आटपते. कोंजॅकच्या शेवया, पाण्यातल्या पाकिटात मिळतात त्या. उघडल्यावर मासळीसारखा वास येतो, धुऊन कोरड्या तव्यावर परतल्या की जातो. कोंजॅक हा सुरणाचा सख्खा नातेवाईक, आणि त्याचा गर घट्ट व्हायला चुन्याची निवळी लागते. हे ऐकून आईने लगेच विचारलं, घसा खवखवेल का. नाही खवखवला. पण चवही नाही, पोटही भरल्यासारखं वाटत नाही. परत आणणार नाही. दुसरं, बोबा चहातले काळे मोती. साबुदाण्यासारखेच कसाव्याच्या स्टार्चचे, म्हणून आईने एकादशीच्या आदल्या रात्री भिजत घातले. सकाळी भांड्यात नुसता चिखल. साबुदाणा करताना तो आधीच भाजून-वाफवून घेतलेला असतो, म्हणून भिजतो आणि टिकतो. बोबाचे कच्चे गोळे थेट उकळत्या पाण्यातच टाकावे लागतात. पाकिटावर ही सूचना बारीक अक्षरांत होती, आईला चष्मा लावूनही दिसली नसती.

आज जुलैत त्या कप्प्यात घरची किमची आहे, दोन वड्या टेंपे आणि मिसोचा दुसरा डबा. बाकी जागा रिकामी झाली, तिथे आता आईने दिलेली आमसुलं आणि सुकटीची घट्ट झाकणाची बरणी आहे.

जाताना आईने मिसो मागून घेतला. वाटीभर, स्टीलच्या डब्यात, वरून बटर पेपर दाबून. पावसात तिकडे वीज तास-तास जाते, म्हणून मला काळजी होती. ती म्हणाली, एवढं मीठ आहे त्याला काय होतंय. परवा फोनवर बाबा सांगत होते की कुळथाच्या कढणात हल्ली ती काहीतरी विरघळवते, गॅस बंद करून. गणपतीला जाईन तेव्हा डबा किती उरलाय ते बघून इथेच पुढे लिहीन.