नळाचा माठ : चित्रांचा घ्यावा की साधा?

उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यात रस्त्याकडेला माठांच्या उतरंडी लागतात आणि त्यांत अलीकडे नळ बसवलेल्या माठालाच अधिक मागणी दिसते. ओगराळ्याने पाणी काढण्याचा व्याप नको, मुलांचे हात पाण्यात जायला नकोत, झाकणी सारखी उघडी राहायला नको, ही त्यामागची कारणे रास्तच आहेत. आम्ही यंदा घेतलेला माठ बारा लिटरांचा, लाल मातीचा आणि पोटावर वारली चित्रांचा रुंद पट्टा रंगवलेला असा आहे. नळ, झाकणी आणि लोखंडी तिवई धरून त्याचे साडेपाचशे रुपये पडले. उन्हाळाभर तो रोजच्या वापरात होता. त्याच्याविषयी माझी जी काही नाराजी आहे, तिचा रोख मातीवर नसून मातीवर चढवलेल्या रंगावर आहे.

माठ पाणी गार करतो तो पाझरून. कुंभार मातीत लीद किंवा लाकडाचा भुसा कालवतो, भट्टीत तो जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे उरतात. त्यांतून झिरपलेल्या पाण्याची माठाच्या अंगावर वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते माठाकडून व आतल्या पाण्याकडून घेते. दहा लिटरांतले अवघे शंभर मिलिलिटर पाणी असे उडून गेले, तरी बाहेरची उष्णता आत शिरत नसल्यास उरलेल्या पाण्याचे तापमान जवळजवळ ६ अंशांनी उतरते. प्रत्यक्षात उष्णता आत शिरतच असते. म्हणून माठाने दिवसभर घामेजत राहणे भाग असते आणि त्या घामालाच तैलरंगाने अटकाव केलेला आहे. आमच्या माठाचा गळा आणि बुडाकडचा भाग सकाळी ओलसर, गडद दिसतो, बोट फिरवले तर बोटाला पाणी लागते. मधल्या पट्ट्यावर तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती नाचणारी मंडळी मात्र ठणठणीत कोरडी असतात. शेजारच्या जुन्या, बिनरंगी माठातले पाणी पिऊन लगेच याचे प्यायले, तर फरक जिभेला कळतो.

विक्रेत्याने आम्हाला काळ्या माठाचाही आग्रह केला होता, कारण त्याच्या मते काळा माठ लाल माठापेक्षा अधिक गार करतो. भट्टी बंद करून धूर आत कोंडला की माती काळी होते, मोकळी हवा मिळाली की तीच लाल राहते. पाण्याचा गारवा मात्र छिद्रांवर आणि माठाच्या जाडीवर ठरतो, तेव्हा मातीच्या काळ्या-लाल रंगावरून भांडण्यात अर्थ नाही. ठोकून खणखणीत आवाज येतो की बद्द, हे पाहणे अधिक उपयोगाचे. बद्द आवाज आला तर कुठे तरी चीर आहे असे समजावे.

नळाचीही एक तक्रार आहे. तो बुडापासून सुमारे तीन बोटे वर बसवलेला असल्यामुळे तळाचे पाणी कधीच बाहेर येत नाही, आणि माठ उचलून ओतून दिला नाही तर जुन्यावरच नवे पाणी पडत राहते. आतल्या बाजूचे प्लॅस्टिकचे चाक सैल होऊन नळ ठिबकू लागला, तेव्हा ते पान्याने आवळण्याचा मोह मी टाळला, कारण भोकाभोवतीची माती तेवढा जोर सोसत नाही. नळाच्या दुकानातून रबरी वायसर आणून घातला आणि हाताने घट्ट केले, तेवढ्यात काम झाले.

हवा दमट असेल तिथे मात्र फार अपेक्षा ठेवू नये. तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर पाणी अशा रीतीने तत्त्वतः २३ अंशांच्या आसपास उतरू शकते. मुंबईत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना ते २९ अंशांच्या खाली जाणारच नाही. नागपूर-अकोल्याकडे माठाचे जे कौतुक होते ते दादरच्या स्वयंपाकघरात होत नाही, ते यामुळेच. पुण्यातही जूनमध्ये पावसाळी हवा सुरू झाली की पाणी फक्त साधे लागते. माठ भिंतीला चिकटवून कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा खिडकीच्या वाऱ्यावर, पण उन्हाबाहेर, तिवईवर ठेवावा, म्हणजे बुडालाही हवा लागते.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांच्या माठावर पांढरे क्षार लवकर जमतात आणि छिद्रे बुजतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात माठ मंद होतो. तो साबणाने मुळीच धुऊ नये, कारण साबण मातीत मुरतो आणि मग पाण्याला त्याचा वास येतो. नारळाच्या शेंडीने घासून उन्हात कडकडीत वाळवणे पुरते.

घ्यायचाच असेल तर कुंभाराकडून बिनरंगी माठ घ्यावा आणि नळही त्याच्याकडूनच बसवून घ्यावा, तोही जमेल तितका खाली. चित्रे हवीच असतील तर ती झाकणीवर काढून घ्यावीत.