आओइदोस आणि ऱ्हाप्सोड: म्यूझची कृपा नेमकी कशावर?

होमरच्या काव्यातला आओइदोस, म्हणजे गायक-कवी, मेजवानीत फॉर्मिंक्स हे तंतुवाद्य छेडत गातो. 'ओडिसी'च्या 8व्या सर्गात ओडिसियस ट्रॉयच्या लाकडी घोड्याच्या कथेची फर्माईश करतो आणि आंधळा आओइदोस देमोदोकस लगेच सुरू होतो. सहा गणांची ओळ अडू नये म्हणून 'चपळ पायांचा अकिलीस' अशी ठरीव विशेषणं हाताशी असतात. म्यूझ म्हणजे काव्याच्या देवी; त्यांच्याकडे कवी मागतो ती मुख्यतः माहिती. 'इलियड'च्या 2ऱ्या सर्गात जहाजांच्या यादीआधी तो म्हणतो: तुम्हाला सगळं ठाऊक, आमचं नुसतं ऐकीव. शुद्ध हरपण्याचा इथे पत्ताच नाही.

ऱ्हाप्सोड म्हणजे होमरची काव्यं लोकांपुढे म्हणून दाखवणारा. त्याच्या हाती वाद्याऐवजी काठी, आणि म्हणायचं ते आधी पाठ केलेलं. अथेन्सच्या पॅनाथेनाइया उत्सवात आधीचा थांबला तिथूनच पुढच्याने उचलायचं, असा नियम. त्यामुळे टाळ्यांचा प्रसंग आपल्याकडे ओढायची सोय नाही. 'अंगात येणं' चिकटतं ते यालाच. प्लेटोच्या 'इऑन' या संवादात सॉक्रेटिस लोहचुंबकाचा दाखला देतो: म्यूझ चुंबक, कवी पहिलं कडं, ऱ्हाप्सोड मधलं, श्रोता शेवटचं. समोरचा ऱ्हाप्सोड इऑन कबूल करतो की करुण प्रसंगी त्याचे डोळे भरतात. नजर मात्र श्रोत्यांवर: ते रडले तर पैसे, हसले तर बुडाले!