डावा पाय की तो एक सेकंद? फोर बाय फोरमध्ये मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक

मायलेज, किंमत, टॉर्क हे सगळं तुम्हाला व्हिडिओ बघून बघून पाठ झालं असणार, म्हणून ते सोडून देतो. लो रेंजवाली (म्हणजे चिखल-चढासाठी हळू पण जास्त जोराने चालायची वेगळी सोय असलेली) खरी फोर बाय फोर घ्यायची हे ठरलं, आता गिअरबॉक्स कोणता एवढंच अडलंय, असं धरून चालतो. गुरखा घेणार असाल तर प्रश्नच मिटला, ती मॅन्युअलमध्येच येते. थार आणि जिम्नीवाल्यांना दोन्ही मिळतात अन् झोप त्यांचीच उडते. माझीही उडाली होती. माझी गाडी कोणती ते मुद्दाम सांगत नाही, कारण मग गिअरबॉक्स राहतो बाजूला अन् कंपन्यांवरून भांडणं सुरू होतात.

आधी कबूल करतो की मी ऑटोमॅटिकच घेणार होतो. नऊ वर्षं ऑटोमॅटिक हॅचबॅक चालवली, रोज नागपुरात मनीषनगर ते सीताबर्डी, म्हणजे आमची बर्डी, अन् परत, डावा पाय पेन्शनीत गेल्यासारखा झाला होता. बायकोही गाडी चालवते, तिचं म्हणणं स्पष्ट होतं की आता या वयात क्लच कोण दाबत बसणार. आणि शहरापुरतं बोलायचं तर तिचं बरोबरच आहे, संध्याकाळी साडेसहाला वर्धा रोडवर किंवा बर्डीत ज्याने फोर बाय फोरचा क्लच दाबला आहे त्याला वेगळं सांगायला नको. हॅचबॅकचा क्लच आणि या गाड्यांचा क्लच यात फरक आहे हो. वजन तर आहेच, पण त्याहून जास्त त्रास देतो तो पेडलचा लांब प्रवास, गुडघा स्टिअरिंगच्या कॉलमला लागेपर्यंत वर येतो आणि माझ्या गाडीत तर डावा पाय टेकवायला नीट जागासुद्धा नाही. पहिले पंधरा दिवस रात्री गुडघ्याला बाम चोळत होतो, खोटं कशाला बोलू.

तर मग मॅन्युअल का घेतली.

झालं असं की घेण्याआधी मित्राने त्याची ऑटोमॅटिक चार दिवस वापरायला दिली, म्हणाला, शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे रिंग रोडला चक्कर, त्यात काय कळते बे, घेऊन जा. जुलै होता. सासुरवाडी काटोलकडे, संत्र्याची बाग आहे, आणि डांबरी सोडली की बागेपर्यंत पांदण रस्ता, दोन्हीकडे धुरे, मधात काळी माती. आपली काळी माती ज्याला माहीत आहे त्याला कळेल, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी पडलं की ती फुगते, चिकटते, टायरच्या खाचा भरून टाकते, मग तुमचा महागाचा ऑल टेरेन टायर म्हणजे टक्कल पडलेला टायर. जाताना गाडी मस्त गेली. येताना एका ठिकाणी ट्रॅक्टरच्या चाकोरीत मागचं चाक उतरलं अन् फसली.

आता फसलेली गाडी काढायची एक जुनी पद्धत आहे, झोका द्यायचा. थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे, पाळण्याला देतो तसा, दर झोक्याला खड्ड्याची कड थोडी दबते आणि चौथ्या-पाचव्या झोक्याला गाडी बाहेर. यात सगळा खेळ वेळेचा आहे. गाडी पुढे जाऊन थांबते आणि मागे घसरायला लागते, नेमकं त्याच क्षणी तिला मागचा गिअर मिळाला पाहिजे.

त्या ऑटोमॅटिकमध्ये तो क्षणच सापडेना. ब्रेक दाबा, बटण दाबून लिव्हर डीवरून (पुढे) आरवर (मागे) न्या, मग गिअरबॉक्स आत विचार करणार, एक हलका धक्का बसणार, मग मागे जोर लागणार. या सगळ्याला जेमतेम एक सेकंद, माझ्या अंदाजाने, घड्याळ काही लावलं नव्हतं. रस्त्यावर पार्किंग करताना तो सेकंद तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही. पण तिथं त्या सेकंदात गाडी खड्ड्याच्या तळाला जाऊन बसायची, झोका मेलेला, आणि मग उभ्या गाडीला मागे ओढायचं म्हणजे चाक जागेवर फिरणार आणि अजून खोल जाणार. वीस मिनिटं मी डी-आर-डी करत होतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद केला, चालू केला, मॅन्युअल मोडमध्ये टाकून पाहिलं, पण त्या मोडमध्ये पुढचे गिअर तुमच्या हातात असतात, डीवरून आरला जायचा रस्ता तोच. सालदार धुऱ्यावर बसून बघत होता, शेवटी म्हणाला, "जवाई, आणू का ट्रॅक्टर?" आणला.

पुढच्या पंधरवड्यात एका ओळखीच्याची तीच गाडी, पण मॅन्युअल, त्याच पांदणीवर नेली, मालकाला शेजारी बसवून. फसायला वेळ लागला नाही. पण इथं रिव्हर्स घालायचंही काम पडलं नाही, लो रेंजला पहिला टाकला, पुढे ढकलली, वर गेली की क्लच दाबला, तिच्या वजनाने ती मागे आली, मागच्या कडेवरून पुढे वळायला लागली की क्लच सोडला. सहाव्या का सातव्या झोक्याला बाहेर. आता दोन्ही दिवसांचा चिखल सारखा नव्हता, टायरही वेगळे होते, त्यामुळे कोणी याला पुरावा मानू नका. पण माझ्यापुरतं तिथंच ठरलं.

यात एक धोकाही सांगून ठेवतो, झोक्याच्या नादात अर्धा क्लच धरून रेस दिली की प्लेट जळते. मी एकदा वास काढलेला आहे, जळका, नाकात दोन दिवस राहणारा. चार-पाच झोक्यांत नाही निघाली तर इंजिन बंद करून खाली उतरा, चाकाखाली पराटी टाका, तुराटी टाका (कपाशीच्या, तुरीच्या वाळल्या काड्या), मग बघा. ऑटोमॅटिकमध्ये प्लेट जळायची भीती नाही पण तिथं गिअरबॉक्सचं तेल तापतं, फुकट काहीच नाही.

आता घेतल्यावरचं. नऊ वर्षांनंतर क्लचवर आलो तर पहिल्या आठवड्यात व्हरायटी चौकात सिग्नल सुटला अन् गाडी बंद. मे महिना, पंचेचाळीस डिग्री, एसी फुल. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागचा ऑटोवाला शेजारी येऊन म्हणतो, "भाऊ, धक्का मारू काय?" लाज म्हणजे काय असते ते त्या दिवशी कळलं. मला गाडी शिकवली ती बाबांनी, जुन्या जीपवर, आणि तिथं क्लच कुठं पकडतो ते तळपायाला कळायचं, अख्खी गाडी थरथरायची. नव्या डिझेलमध्ये बहुतेक ठिकाणी ड्युअल मास फ्लायव्हील असतं, ते थरथर खाऊन टाकतं, गाडी गुळगुळीत होते पण पायाला काही सांगत नाही. म्हणून मी घाबरून रेस जास्त द्यायचो आणि पुढच्या स्कूटीवर जाऊन आदळायची वेळ यायची.

हे सोडवलं सिल्लारीच्या एका जिप्सीवाल्या पोट्ट्याने. पेंचला गेलो होतो, सफारी संपल्यावर चहा घेता घेता त्याला गाडी दाखवली तर तो चावी मागून बसला आत, लो रेंज, पहिला गिअर, हळूच क्लच सोडला आणि दोन्ही पाय वर उचलून मला दाखवले. गाडी आपली चालून राहिली, माणूस चालतो त्याहून हळू. म्हणे, "पाय कायले लावता, तिले चालू द्या ना." नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर आरपीएम पडायला लागला की स्वतःच डिझेल वाढवतो, जुन्या जीपला ते तुम्ही करायचे. आपण मधात रेस देऊन उगाच लुडबूड करतो. त्या दिवसापासून मी रेस न देता क्लच सोडायला शिकलो, रिकाम्या मैदानात दोन रविवार घालवले, आता बर्डीत बंद पडत नाही. बहुतेक.

उताराचं दोन ओळीत सांगतो. चिखलदऱ्याला परतवाड्याकडून चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो, ब्रेकला हात, म्हणजे पाय, फार लावावा लागला नाही. ऑटोमॅटिकला हिल डिसेंट, म्हणजे उतारावर वेग आपोआप आवरणारी सोय, असतं, ते काम करतं, पण ते ब्रेक दाबून करतं, इंजिनाने धरलेली गाडी वेगळी वाटते. जिम्नीच्या गिअरचे आकडे बघा, आकडा मोठा तितकी इंजिनाची पकड जास्त, मॅन्युअलचा पहिला गिअर ४.४२५ चा, चार गिअरच्या ऑटोमॅटिकचा २.८७५, लो रेंज दोघींची सारखीच. उतारावर कोण जास्त धरून ठेवणार हे त्यातच आलं.

दुसऱ्या बाजूनेही बोललं पाहिजे. दगडांवर ऑटोमॅटिक सोपी पडते, याला माझ्याकडे उत्तर नाही. एका पायाने ब्रेक धरून दुसऱ्याने थोडी थोडी रेस द्यायची, चाक दगडावर हळू चढवायचं आणि बंद पडायची भीती नाही, मी तिथं घामाघूम होतो. वाळूतही तेच, गिअर बदलताना जोर तुटत नाही. रपट्यावर घोट्याएवढं पाणी असेल तरी मला धाकधूक असते की मधात बंद पडली तर. त्यामुळे तुम्ही लडाखची तयारी करत असाल, किंवा महिन्यातले सव्वीस दिवस गाडी सिव्हिल लाइन्समध्ये उभी राहणार असेल, किंवा घरात गुडघ्याचं दुखणं असेल तर ऑटोमॅटिक घ्या, मी वाद घालणार नाही. पण तुमची गाडी वावरात जाणार असेल, काटोल, उमरेड, भिवापूर, कुठंही जिथं माती काळी आहे, तर मला वाटतं महिनाभर बाम चोळायची तयारी ठेवा आणि मॅन्युअल बघा.

बुक करायच्या आधी एक करा. टेस्ट ड्राइव्हवाल्याला सांगा, रिंग रोड राहू दे, एखाद्या मोकळ्या प्लॉटवर ने. तिथं ऑटोमॅटिक उभी करा आणि डी, आर, डी, आर असं दहा वेळा करा, दरवेळी लिव्हर सरकल्यापासून गाडीने ओढ घेईपर्यंत मनात मोजा. मग मॅन्युअलमध्ये बसा, सीट तुमच्या उंचीला लावा आणि उभ्या गाडीत क्लच पन्नास वेळा पूर्ण दाबा. सेल्सवाला म्हणेल, साहेब, चालवा तरी थोडी. चाळीसपर्यंत पोचलात की गुडघाच काय ते सांगेल.